‘येथे टर्मिनल उघडा’ : एका उजव्या क्लिकमागील इतिहास (थ्रेड)

विंडोज ११ मधील एखाद्या फोल्डरच्या मोकळ्या जागेवर उजवी क्लिक केली असता जी यादी उघडते, तिच्यात ‘टर्मिनलमध्ये उघडा’ अशा अर्थाची एक ओळ असते. ती दाबली की काळी खिडकी उघडते आणि तिच्यातील शेल नेमका त्याच फोल्डरात उभा असतो. ह्या ओळीमागचा प्रोग्रॅम ना काही मोजतो, ना काही साठवतो. एका खिडकीत दिसणाऱ्या फोल्डरचा पत्ता दुसऱ्या खिडकीत पोचवणे, हे त्याचे संपूर्ण कर्तृत्व. जुन्या भाषेत बोलायचे तर हा जासूद आहे : थैली घ्यायची, मुक्कामी पोचवायची आणि बाजूला व्हायचे.

संगणकाच्या इतिहासात मोठ्या यंत्रांची आणि मोठ्या संस्थापकांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. जासुदांची कोणी लिहीत नाही. परंतु दोन दरबारांचे आपसांत कितपत बरे चालले होते, हे पुष्कळदा त्यांच्यामधल्या जासुदावरूनच कळते. खिडक्या-चित्रांचे जग आणि आज्ञा टंकण्याचे जग हे असेच दोन दरबार. त्यांच्यामधला हा निरोप्या कधी अधिकृतपणे नेमला गेला, कधी यादीतून काढून टाकला गेला, कधी शिफ्टच्या बटणामागे लपवला गेला. त्याची ही हकीकत.

प्रथम ‘उभे असणे’ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. मनुष्य एखाद्या फोल्डरात उभा नसतो, प्रोग्रॅम असतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला कार्यकारी प्रणाली एक ‘चालू डिरेक्टरी’ नेमून देते, आणि संपूर्ण पत्ता न देता एखाद्या फाइलचे नुसते नाव घेतले तर ती त्या ठिकाणी शोधली जाते. आज्ञावलीचा सगळा व्यवहार ह्या एका कल्पनेवर चालतो. फाइल ब्राउझरमध्ये मात्र चालू जागा डोळ्यांना दिसते, सांगावी लागत नाही. एक दरबार जागा स्मरणात ठेवतो, दुसरा ती चित्रात दाखवतो. जासुदाची गरज इथेच निर्माण होते.

आज्ञावलीचा जन्म कागदावरचा. ‘शेल’ हे नाव लुई पूझाँ ह्या फ्रेंच अभियंत्याने १९६० च्या दशकाच्या मध्यास, एमआयटीत मल्टिक्स प्रणालीची आखणी चालू असताना दिले. १९६९ मध्ये बेल लॅब्ज मल्टिक्सच्या प्रकल्पातून बाहेर पडली आणि त्याच वर्षी केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी पीडीपी-७ ह्या लहानशा यंत्रावर युनिक्सचा पाया घातला. तेव्हाची टर्मिनले म्हणजे टेलिटाइप यंत्रे होती. ‘मॉडेल ३३’ हे त्यांपैकी प्रसिद्ध, वेग सेकंदाला १० अक्षरे, आणि उत्तर कागदाच्या गुंडाळीवर उमटणार. चालू डिरेक्टरी सांगणाऱ्या ‘पीडब्ल्यूडी’ ह्या आज्ञेतला ‘पी’ हा ‘प्रिंट’चा आहे, आणि तो अलंकारिक नाही. आपण कोठे आहोत हे विचारायचे तर कागद खर्च होत असे. युनिक्सच्या आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या का, ह्याचे उत्तर ह्या कागदात आणि बोटांना थकवणाऱ्या त्या कळफलकात आहे.

आता ह्या इतिहासातली सर्वांत सुंदर घटना. ती खुद्द रिची ह्यांनी युनिक्सच्या घडणीवरील आपल्या निबंधात नोंदवून ठेवली आहे. आरंभीच्या युनिक्समध्ये प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रक्रिया असे. डिरेक्टरी बदलणारी ‘सीएचडीआयआर’ ही इतर आज्ञांसारखीच एक साधी आज्ञा होती. ती त्या एकुलत्या एक प्रक्रियेची जागा बदलत असे, आणि ते पुरेसे होते. पुढे ‘फोर्क’ ही सोय आली. एक प्रक्रिया आपली प्रतिकृती निर्माण करू लागली. शेल प्रत्येक आज्ञेसाठी एक अपत्य जन्माला घालू लागला. अपत्य काम करी आणि संपून जाई. मंडळी आनंदात असतानाच लक्षात आले की डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा चालेनाशी झाली आहे.

कोड पुन्हा पुन्हा वाचून पाहिले, चूक कोठेच नव्हती. आज्ञा तिचे काम चोख करीत होती. ती जागा बदलत होती, पण कोणाची? अपत्याची. अपत्य नव्या डिरेक्टरीत जाई, तेथेच संपे, आणि जन्मदाता शेल होता तेथेच उभा राही. मुलाने गाव सोडले म्हणून बापाचा पत्ता बदलत नाही. अखेर ही आज्ञा शेलच्या पोटातच घ्यावी लागली. आजही ‘सीडी’ हा स्वतंत्र प्रोग्रॅम नसून शेलचा अंगभूत भाग आहे तो ह्याच कारणाने.

ह्या प्रसंगातून जो नियम निघाला, त्याने पुढच्या सगळ्या जासुदांचे भवितव्य ठरवले. जागा जन्मदात्याकडून अपत्याकडे वारशाने येते. उलट दिशेने कधीही जात नाही. म्हणूनच फाइल ब्राउझरमधून ‘येथे टर्मिनल उघडा’ म्हटल्यावर बहुधा नवी खिडकी उघडते. आधीच उघड्या असलेल्या टर्मिनलला कोणी बाहेरचा प्रोग्रॅम सरळ हात धरून दुसऱ्या फोल्डरात नेऊ शकत नाही. अनेकांना हे त्या साधनातले न्यून वाटते. ते न्यून नव्हे, तो १९६९-७० च्या सुमाराचा करार आहे.

दुसरा दरबार ह्याच काळात, पण देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात उभा राहत होता. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील आल्टो (१९७३), मग बाजारात आलेला झेरॉक्स स्टार (१९८१), ॲपलचा लिसा (१९८३) आणि २४ जानेवारी १९८४ रोजीचा मॅकिंटॉश. पडद्यावर मेज आले, मेजावर कागद आले, कागदांसाठी कान असलेला पुठ्ठ्याचा फोल्डर आला. हे चित्र अमेरिकन कचेरीतून उचललेले होते. पेशवे दप्तराच्या वारसांनी ते काढले असते, तर पडद्यावर पुठ्ठ्याऐवजी कापडी रुमालात बांधलेले गाठोडे दिसले असते. असो.

पहिल्या मॅकिंटॉशमध्ये आज्ञा टंकण्याची सोयच नव्हती. एवढेच नव्हे, तर त्याच्या कळफलकावर बाणांच्या कळाही नव्हत्या. माउस वापरण्यावाचून गत्यंतर राहू नये, म्हणून त्या जाणूनबुजून वगळल्या होत्या. आणखी एक गंमत अशी, की त्याच्या पहिल्या फाइलव्यवस्थेत फोल्डर हा निव्वळ देखावा होता. फाइंडरमध्ये फोल्डर दिसत, पण तबकडीवर सर्व फाइली एकाच पातळीवर पसरलेल्या असत. खरी उतरंड १९८५ मध्ये ‘एचएफएस’ व्यवस्थेबरोबर आली. म्हणजे बेल लॅब्जमध्ये जागा खरी होती पण दिसत नव्हती, आणि मॅकिंटॉशमध्ये ती दिसत होती पण खरी नव्हती. अशा दोन जगांमध्ये निरोप पोचवायचा तरी कोणता?

दोन्ही दरबार प्रथम एका छपराखाली आणण्याचे श्रेय डॉस ह्या गरीब प्रणालीकडे जाते. डॉसमध्ये उपडिरेक्टऱ्या १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आल्या. तिरपी रेघ तोवर आज्ञांच्या पर्यायांसाठी खर्ची पडली होती, म्हणून डिरेक्टऱ्यांच्या वाट्याला उलटी तिरपी रेघ आली. त्या भूमीवर १९८६ मध्ये जॉन सोचा ह्यांचा ‘नॉर्टन कमांडर’ अवतरला. निळ्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन फलक, त्यांत फाइलींच्या याद्या, आणि तळाशी मिणमिणणारे डॉसचे प्रॉम्प्ट. फलकात बाणांनी हिंडावे आणि वाटेल तेव्हा तळाच्या ओळीत आज्ञा टंकावी. ती त्याच फोल्डरात चाले. कंट्रोल आणि ओ दाबले की फलक बाजूला सरत आणि मागचा आज्ञापट दिसे. ह्या रचनेत जासुदाचे कामच उरले नव्हते, कारण दोन्ही दरबार एकाच ओसरीवर बसले होते. आजवर ह्या प्रश्नाला मिळालेले हे सर्वांत समंजस उत्तर म्हणावे लागेल.

नॉर्टन कमांडरच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तो बंद केला की मनुष्य फलकात जेथे पोचला होता तेथेच प्रॉम्प्टवर उरे. हे सौजन्य त्या प्रोग्रॅमचे नव्हते, ते डॉसच्या दारिद्र्याचे होते. डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवी, आणि चालू डिरेक्टरी प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी नसून साऱ्या यंत्राची मिळून एक असे, प्रत्येक ड्राइव्हला एक. प्रोग्रॅमने ती बदलली की बदललीच. बेल लॅब्जच्या मंडळींना पडलेला पेच तेथे उद्भवतच नव्हता.

हीच कल्पना युनिक्सच्या घरात आली तेव्हा तो पेच तत्काळ दारात उभा राहिला. १९९४ मध्ये मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा ह्या तरुणाने नॉर्टन कमांडरच्या धर्तीवर ‘मिडनाइट कमांडर’ तयार केला. तेच दोन फलक, तीच तळाची ओळ. पण त्यातून बाहेर पडावे तर शेल पुन्हा मूळ जागी. फलकातून केलेली सगळी भटकंती वाया. कारण तेच : मिडनाइट कमांडर हा शेलचे अपत्य, आणि अपत्याची जागा बापाला मिळत नाही.

ह्यावर काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. मिडनाइट कमांडरला ‘-पी’ असा एक पर्याय दिला गेला. त्याच्यायोगे तो बाहेर पडताना आपला शेवटचा पत्ता एका तात्पुरत्या फाइलीत लिहून ठेवतो. सोबत काही ओळींची एक वेष्टन-स्क्रिप्ट मिळते. ती शेलच्या पोटात चालते, ती चिठ्ठी वाचते, शेलला तेथे ‘सीडी’ करायला लावते आणि चिठ्ठी फाडून टाकते. मृत्यूपूर्वी मुलाने चिठ्ठी लिहून ठेवावी आणि बापाने ती वाचून आपणहून गाव बदलावे, असा हा प्रकार. कायदा मोडला नाही, पण काम झाले. टर्मिनलमध्ये चालणारे अलीकडचे कितीतरी फाइल व्यवस्थापक आजही हीच चिठ्ठी लिहितात.

चित्रमय बाजूला ह्याच सुमारास मायक्रोसॉफ्टची हालचाल झाली. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले. फाइल मॅनेजरच्या जागी एक्सप्लोरर आला आणि उजव्या क्लिकची यादी सर्वसामान्य वापरात रुळली. डॉस संपला, असे जाहिरातीचे सांगणे होते. तो खाली तसाच होता. मग विंडोजच्या शेलवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांकडून ‘पॉवरटॉइज’ नावाचा लहानसहान उपकरणांचा एक संच फुकट मिळू लागला. त्यासाठी कोणतीही अधिकृत मदत मिळणार नाही, ही सूचना सोबत होतीच. त्या संचात ‘डॉस प्रॉम्प्ट हिअर’ हे एक उपकरण होते.

उपकरण म्हणायचे इतकेच. तो प्रोग्रॅम नव्हताच. ती काही ओळींची एक मजकुराची फाइल होती. तिच्यावर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटले की रजिस्ट्रीत, फोल्डर ह्या वर्गाच्या नोंदीखाली, एक नवे कलम लिहिले जाई : यादीत हे नाव दाखवा, आणि कोणी ते निवडले तर कमांड प्रोसेसर सुरू करून त्याला ‘सीडी’ आणि त्या फोल्डरचा पत्ता द्या. पत्त्याच्या जागी ‘%१’ अशी खूण. बस्स. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाने पहिले वाक्य लिहावे तितके साधे कलम, पण त्याने दोन राज्यांमधली सीमा उघडली.

त्या खुणेभोवतीची अवतरणचिन्हे मात्र विसरता येत नव्हती. विंडोज ९५ ने २५५ अक्षरांपर्यंतची लांब नावे आणली होती आणि लांब नावात रिकाम्या जागा आल्याच. आज्ञावलीला रिकामी जागा म्हणजे शब्द संपल्याची खूण. ‘रायगडाचे नकाशे’ नावाच्या फोल्डरचा पत्ता अवतरणाशिवाय दिला, तर पुष्कळसे शेल ‘रायगडाचे’ एवढ्यावरच थांबतील आणि असा फोल्डर नाही म्हणून तक्रार करतील.

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. युनिक्सच्या परंपरेत फाइलीच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून कोणतेही चिन्ह चालते : अवतरण, अर्धविराम, डॉलर, अगदी नवी ओळसुद्धा. जो जासूद पत्ता वारशाने न देता ‘सीडी’ ह्या शब्दापुढे चिकटवून शेलला टंकून दाखवतो, तो नकळत पत्त्याचे रूपांतर हुकमात करण्याची जोखीम घेतो. कोणी खोडसाळाने फोल्डरच्या नावातच अर्धविराम आणि फाइली पुसण्याची आज्ञा लिहिली, तर निष्काळजी जासूद ती पत्ता म्हणून नेईल आणि शेल हुकूम म्हणून पाळील. ॲपलस्क्रिप्ट ह्या भाषेत मजकुराला सुरक्षित अवतरणात गुंडाळून देणारा एक खास गुणधर्मच ठेवलेला आहे, तो अशाच प्रसंगांसाठी. नवी प्रक्रिया जन्माला घालतानाच तिला जागा नेमून देणे, हा मार्ग खानदानी. टंकून दाखवणे, हा मार्ग सोयीचा. चांगली साधने आणि वाईट साधने ह्यांतला फरक पुष्कळदा ह्या एका निवडीत असतो.

ॲपलस्क्रिप्टचा विषय निघाला तो ओघानेच. स्टीव्ह जॉब्ज १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडले आणि त्यांनी नेक्स्ट ही कंपनी काढली. नेक्स्टस्टेपची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये आली. तिच्या पोटात बर्कलीचे युनिक्स होते आणि अंगावर देखण्या खिडक्या. तेथे ‘ओपन’ नावाची एक आज्ञा होती. टर्मिनलमध्ये ‘ओपन’ म्हणून फाइलीचे नाव दिले की ती फाइल जणू दोनदा क्लिक केल्यासारखी आपल्या योग्य प्रोग्रॅममध्ये उघडे. हा उलट दिशेचा जासूद : काळ्या खिडकीतून चित्रांच्या दरबारात जाणारा. दोन्ही जगे एकाच घराची दोन दालने आहेत, हे त्या काळात नेक्स्टइतके कोणी मानले नाही.

१९९६ च्या डिसेंबरात ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याची घोषणा केली आणि २४ मार्च २००१ रोजी मॅक ओएस एक्सची पहिली आवृत्ती आली. ज्या मॅकिंटॉशने बाणांच्या कळाही नाकारल्या होत्या, त्याच्या ‘युटिलिटीज’ फोल्डरात आता टर्मिनल बसले. फाइंडरने युनिक्सच्या मूळ डिरेक्टऱ्या मात्र दृष्टीआड ठेवल्या. जुन्या मॅकमध्ये पत्त्याचे भाग विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडत, युनिक्समध्ये तिरप्या रेघेने. दोहोंचा समेट असा झाला, की फाइंडरमध्ये नावात तिरपी रेघ लिहिली तर टर्मिनलमध्ये ती दोन टिंबे होऊन दिसते. जुन्या सरहद्दीचा दगड शेतात राहून जावा तसे हे चिन्ह आजही तेथे आहे.

‘ओपन’ ही आज्ञा ह्या हस्तांतरात शाबूत राहिली. तिच्यापुढे नुसते एक टिंब टंकले, की शेल उभा असलेला फोल्डर फाइंडरमध्ये उघडतो. टर्मिनलच्या खिडकीवर फोल्डरचे चित्र ओढून सोडले, की त्याचा पत्ता आपोआप टंकला जातो, तोही योग्य त्या सुरक्षा-चिन्हांसह. पण फाइंडरमधून सरळ टर्मिनल उघडण्याची सोय नव्हती. ती पोकळी हौशी मंडळींनी भरून काढली. ॲपलस्क्रिप्टद्वारे फाइंडरला ‘तुझ्या सर्वांत पुढच्या खिडकीत कोणता फोल्डर आहे?’ असे विचारता येते. उत्तर घ्यावे आणि टर्मिनलला द्यावे. ‘सीडी टू’ सारखी चिमुकली साधने फाइंडरच्या पट्टीवर जाऊन बसली. काहींनी तर शेलमध्येच दोन ओळींचे फंक्शन लिहिले. ते फाइंडरला जागा विचारते आणि शेल स्वतःच तेथे जातो. येथे नवी खिडकी लागत नाही, कारण विचारणारा आणि जाणारा दोन्ही शेलच. करार पाळूनही वाट काढता येते ती अशी. ॲपलने स्वतःची सोय २०११ च्या ‘लायन’ आवृत्तीत दिली, परंतु मूळ स्थितीत बंद. सेटिंग्जमध्ये खोल जाऊन ती सुरू करावी लागे.

लिनक्सच्या बाजूची कथा अधिक उपरोधिक आहे. मिडनाइट कमांडरच्या कर्त्यानेच १९९७ मध्ये ग्नोम प्रकल्प सुरू केला आणि ग्नोमचा पहिला फाइल व्यवस्थापक मिडनाइट कमांडरवरच बेतलेला होता. पुढे त्याची जागा ‘नॉटिलस’ने घेतली. तो बनवणाऱ्या ईझेल कंपनीत कोण होते? अँडी हर्ट्झफेल्ड, मूळ मॅकिंटॉशच्या प्रणालीचे एक शिल्पकार. आणि चित्रे सुझन केअर ह्यांची, ज्यांनी मॅकिंटॉशची चित्रे काढली होती. आज्ञावलीशिवायचा संगणक घडवणारी माणसे आज्ञावलीच्या बालेकिल्ल्यात खिडक्या बसवीत होती. नॉटिलसची पहिली आवृत्ती मार्च २००१ मध्ये आली आणि मे महिन्यात कंपनी बंद पडली. साधन मात्र जगले, आणि टर्मिनल उघडण्याची सोय त्याला ‘नॉटिलस-ओपन-टर्मिनल’ ह्या वेगळ्या जोडणीतून मिळू लागली. नंतर तेच काम ग्नोम टर्मिनलने आपल्याकडे घेतले. दूरच्या यंत्रावरील फोल्डर उघडला असेल, तर टर्मिनलही त्या दूरच्या यंत्रावरच उघडण्याची सोय त्यात आहे. जासूद आता परमुलखातही जाऊ लागला.

केडीईच्या ‘डॉल्फिन’ने एफ-४ ह्या कळेवर टर्मिनलचा फलक खिडकीच्या तळाशीच आणला. नॉर्टन कमांडरची ओसरी पुन्हा बांधली म्हणा. वरच्या बाजूला फोल्डर बदलला की खालचा शेलही तेथे जातो. येथे शेल आधीच चालू असल्यामुळे वारशाचा मार्ग बंद, म्हणून डॉल्फिन त्याला खरोखरच ‘सीडी’ टंकून दाखवतो, पत्ता नीट अवतरणात घालून. आणि त्या आज्ञेच्या आधी तो एक रिकामी जागा सोडतो, कारण बॅश शेलमध्ये तशी मांडणी असेल तर रिकाम्या जागेने सुरू होणारी आज्ञा इतिहासात नोंदली जात नाही. मनुष्याने न टंकलेली आज्ञा मनुष्याच्या नावावर चढू नये, एवढी कदर त्या एका रिकाम्या जागेत आहे. दप्तरे वाचणाऱ्यांना ह्याचे मोल सांगायला नको.

मराठी वापरणाऱ्यांसाठी ह्या साऱ्याला आणखी एक पदर आहे. फोल्डरचे नाव देवनागरीत असेल, तर ते प्रॉम्प्टवर टंकणे म्हणजे दर वेळी कळफलक बदलणे. इंग्रजी वापरणाऱ्याला जो जासूद केवळ सोय वाटतो, तो येथे गरज होतो. विंडोजच्या जुन्या कमांड खिडकीला देवनागरीची जोडाक्षरे मांडता येत नसत. नावाच्या जागी चौकोन दिसत, तरी शेल योग्य फोल्डरातच उभा असे. जागा खरी, पण वाचता न येणारी. युनिक्सकडील काही शेल प्रत्येक प्रॉम्प्टबरोबर टर्मिनलला एक अदृश्य संदेश पाठवून आपली जागा कळवतात, म्हणजे नवा टॅब तेथेच उघडावा. त्या संदेशात देवनागरीचे एकेक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ-नऊ चिन्हांचे होऊन जाते.

त्याहून खोल पेच ‘ऱ’ ह्या अक्षराचा. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘पायऱ्या’ ह्या शब्दांतला हा र मराठीचा खास. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान आहे, पण तो ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो, आणि दोन्ही रूपे समान मानली जातात. मॅकची ‘एचएफएस प्लस’ ही फाइलव्यवस्था नावे साठवताना अशी अक्षरे फोडून ठेवीत असे. लिनक्स मात्र जे बाइट मिळतील तेच ठेवतो. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ हा फोल्डर मॅकवरून लिनक्सवर नेला, आणि तेथे त्याच नावाचा फोल्डर हाताने टंकून केला, तर डोळ्यांना एकच नाव असलेले दोन फोल्डर शेजारी शेजारी नांदतात. टंकलेली आज्ञा एकात जाते, कागदपत्रे दुसऱ्यात असतात. ह्या प्रसंगी उजवी क्लिकच कामाची, कारण ती नाव नव्याने लिहीत नाही. असलेले नाव जसेच्या तसे उचलून नेते.

विंडोजच्या पुढच्या वाटचालीत मायक्रोसॉफ्टचे मनोगत वाचता येते. एक्सपीच्या काळात हे उपकरण पुन्हा पॉवरटॉइजमधूनच, ‘ओपन कमांड विंडो हिअर’ ह्या नावाने आले. व्हिस्टात ते प्रणालीचा भाग झाले, पण शिफ्ट दाबून उजवी क्लिक करणाऱ्यालाच दिसे. ज्याला माहीत त्याला मिळेल, बाकीच्यांना त्रास नको, असा हा चोरदरवाजा. ॲपलनेही मूळ स्थितीत बंद ठेवून तेच केले होते. वापरणारा कोण आणि यंत्राच्या पोटात हात घालणारा कोण, ह्यांची जातवारी कंपन्या आपल्या मनाशी करतात आणि ती यादीतल्या एका ओळीच्या असण्या-नसण्यात उमटते. ह्या वर्गीकरणाला आधार काय होता, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शिफ्टचे गुपित ज्याला मित्राने सांगितले तो ‘तज्ज्ञ’ झाला, आणि ज्याला मित्र नव्हता तो ‘सामान्य वापरकर्ता’ राहिला. ह्यात तंत्रज्ञान कमी आणि ओळखीपाळखी जास्त.

२०१७ मध्ये विंडोज १० च्या एका सुधारणेत त्या चोरदरवाजावरची पाटी बदलली आणि कमांड प्रॉम्प्टऐवजी पॉवरशेल उघडू लागले. जुनी पाटी परत आणण्यासाठी लोक रजिस्ट्रीत तेच कलम हाताने लिहू लागले, जे १९९५ च्या त्या मजकुराच्या फाइलीत होते. २०१९ च्या सुधारणेनंतर विंडोजच्या पोटातील लिनक्समध्ये उभे राहून ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ आणि पुढे एक टिंब टंकले, की तो लिनक्स फोल्डर विंडोजच्या खिडकीत उघडू लागला. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आले. आता शिफ्ट लागत नाही. टर्मिनलची ओळ उघड्या यादीत, सर्वांना दिसेल अशी आहे.